ओ कोणी दिली

१२ फेब्रुवारी

धाकटे,

आधी शेवट सांगते, मग सुरुवात. भिंगरी शुद्धीवर आहे, बोलते आहे, आणि जिवाचा धोका टळला असं डॉक्टर म्हणाले. आता श्वास घे आणि पुढचं वाच.

तिचं ॲपेंडिक्स फुटलं होतं. काल संध्याकाळी ऑपरेशन झालं. तुझ्या वॉर्डात फोन केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, पेशंटला खाटेवरून हलवता येत नाही, निरोप देते. निरोपातून तुझ्यापर्यंत काय पोचेल कोण जाणे, म्हणून सगळं लिहिते आहे.

तू पाटी रंगवताना परांचीवरून पडलीस त्या दिवसापासून ती माझ्याकडे छान होती. सोमवारी इथल्या शाळेतून आली ती ताटात नुसती चिवडत बसली. बेंबीभोवती दुखतंय म्हणाली, मग उलटी झाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, बाहेरचं काहीतरी बाधलं असेल म्हणाले, औषध दिलं. मंगळवारी दुखणं उजवीकडे खाली सरकलं असणार, पण बाईसाहेब बोलल्या नाहीत. वाकून चालत होती. काय गं, म्हटलं, तर म्हणे, 'चेंडू शोधतेय.' बुधवारी सकाळी एकदम खुलली. 'मावशी, थांबलं दुखायचं.' मी सुटले म्हटलं आणि दुकान उघडायला गेले.

ते थांबणंच वाईट होतं, असं आता कळलं. आतलं फुटलं की ताण सुटतो, घटकाभर बरं वाटतं, आणि तेवढ्यात पू सगळ्या पोटात पसरतो. दुपारी ह्यांचा दुकानात फोन आला. मी एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर चष्म्याची काच धरून उभी होते, ती तशीच टाकून निघाले. घरी पोचले तर ती गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, अंग चटका बसेल असं तापलेलं, आणि पोटाला हात लावला तर लाकडाची फळी.

पोट धुऊन काढलं आहे. उजव्या बाजूने एक नळी बाहेर काढली आहे, तिच्यातून घाण पिशवीत उतरते. नाकात दुसरी नळी, हाताला सलाइन, त्यातूनच औषधं. तोंडाने पाणीसुद्धा नाही. सहीच्या कागदावर नात्याच्या रकान्यात मी 'मावशी' लिहिलं, पण घाईत कोणी वाचलं नाही. इथे सगळे मला आईच म्हणतात. दुरुस्त करायला वेळ नव्हता.

आधी का नाही बोललीस, असं मी तिला विचारलं. म्हणाली, 'कुणाला त्रास द्यायचा नाही असं ठरलं होतं ना?'

पायाची काळजी घे. ह्यांचा आशीर्वाद.

ताई

१६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि मी उठायला गेले. विसरलेच होते, की माझ्या उजव्या पायाच्या हाडातून सळई आरपार गेली आहे, सळईला दोरी, दोरीला कप्पी आणि कप्पीला वजन. वजन वर गेलं, मी खाली आले, आणि सगळा वॉर्ड गोळा झाला. शेजारच्या खाटेवर एक मास्तरीणबाई आहेत, खुबा मोडून आलेल्या. त्या म्हणाल्या, 'बाई, गुरुत्वाकर्षणाला तुमच्या लेकीचं काही सांगून उपयोग नाही.'

तर मी इथेच आहे. छताला टांगलेली. आणि तू तिथे, तिच्या उशाशी.

तिचे बाबा गेले तेव्हा ती बोटाला धरून चालत होती. तेव्हापासून तिला साधा ताप आला तरी मी शिडीवर चढले नाही, पाटी अर्धी रंगवून घरी बसले आहे. आणि एवढं मोठं दुखणं आलं ते नेमकं तुझ्या घरी. मला माहीत आहे असं म्हणू नये. पण तुला नाही म्हणणार तर कुणाला म्हणू?

त्या डॉक्टरांना सांग की आई मी आहे. तेव्हा वेळ नव्हता, आता आहे ना? हवं तर पाटी रंगवून पाठवते, खाटेला लाव.

ती झोपताना डावा पाय पांघरुणाबाहेर काढते, तो झाकू नकोस. सुई टोचताना 'दुखणार नाही' म्हणायचं नाही, 'दुखेल, पण मी आहे' म्हणायचं. वेणी घालताना आधी खालचा गुंता सोडवायचा, वरून कंगवा घातला तर तिला रडू येतं. तुला हे माहीत नसणार.

'कुणाला त्रास द्यायचा नाही' हे मीच सांगितलं होतं, स्ट्रेचरवरून. मला वाटलं, शहाण्या आईसारखं बोलले. ते तू मला जसंच्या तसं परत कळवलंस. बरं केलंस की वाईट, ते मला ठरवता येत नाही.

एक विचारते, खरं सांग. शुद्धीवर येताना ती कुणाचं नाव घेत होती?

धाकटी

२० फेब्रुवारी

धाकटे,

'आई' म्हणत होती. झालं समाधान?

पाय झाकत नाही. 'मी आहे' म्हणते. तुझ्या सगळ्या सूचना पोचल्या.

गेले काही दिवस इथे सगळे एकाच बातमीची वाट पाहत होते, ती म्हणजे भिंगरीचा वारा सरला का. आतडी कामाला लागल्याची तीच खूण म्हणे, तोवर पाण्याचा थेंब नाही. सकाळी डॉक्टर विचारणार, दुपारी सिस्टर विचारणार, झाडू मारणाऱ्या बाईसुद्धा जाता जाता विचारणार. भिंगरीला अपमान वाटायचा. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. शेवटी काल राउंडला सगळे गोल करून उभे असताना उत्तर आपसूक मिळालं, तेही खणखणीत. मोठे डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, 'छान.' नाकातली नळी निघाली. चमच्याने पाणी दिलं तर म्हणाली, 'मावशी, पाण्याला चव असते हे मला माहीतच नव्हतं.'

छातीत कफ साठू नये म्हणून तिला फुगे फुगवायला देतात. पोट दुखतं म्हणून ती टाळते. मी आणि हे पैज लावून फुगवतो, मग तिला राहवत नाही. उठून चालायलाही लावतात. पोट धरून, म्हातारीसारखी वाकून, पिशवी हातात घेऊन दारापर्यंत जाते आणि आल्यावर विचारते, 'आईला सांगितलंस का मी चालले ते?' सांगितलं बघ.

एक गंमत. इथे आयाबाईंना सगळे 'मावशी' म्हणतात. भिंगरीने मावशी अशी हाक मारली की तीन बाजूंनी तीन बायका भांडं घेऊन धावतात, आणि मी चौथी.

समोरच्या खाटेवर एका मुलीची आजी बसलेली असते. मी आई नाही हे इथे फक्त तिलाच ठाऊक. काल म्हणाली, 'माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही.' मी तिला तिथेच गप्प केलं. तुझ्या कानावर दुसरीकडून जाण्यापेक्षा मीच सांगते.

आणि केस कापावे लागले. उलटीने चिकटून जटा झाल्या होत्या, डोकं हलवलं की कळ टाक्यांपर्यंत जायची. सिस्टरनीच कापले. मानेपर्यंत आहेत. तिला शोभतात.

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

मानेपर्यंत. आणि शोभतात.

ते केस मी वाढवले होते. जन्मल्यापासून त्यांना कात्री लागली नव्हती. रोज सकाळी अर्धा तास ती माझ्या दोन गुडघ्यांमध्ये बसायची, आणि शाळेतलं जे कुणाला सांगायचं नाही ते सगळं त्या अर्ध्या तासात सांगायची, कारण तिचं तोंड पलीकडे असायचं. तू मला विचारायला हवं होतंस. हो, कळतंय मला, पत्र पोचून उत्तर येईपर्यंत जटा थांबल्या नसत्या. तरी विचारायला हवं होतंस.

म्हणीबद्दल मी मास्तरीणबाईंना विचारलं. म्हटलं, मावशीने जगावं म्हणून आईने मरायलाच का हवं, दोघी जगल्या तर म्हण बिघडते का? त्या म्हणाल्या, 'यमक नसतं तर जगल्या असत्या.'

इथे जो येतो तो सांगतो, नशीब काढलंत, अशी बहीण मिळाली. मी हो म्हणते. दात आवळून. तुला आठवतं का, आपल्या घरी पांढरं मांजर होतं? मी उकिरड्यावरून आणलं, मी बोळ्याने दूध पाजलं, आणि ते झोपायचं तुझ्या पायाशी. तू त्याला साधं जवळसुद्धा घ्यायची नाहीस. तुला काही करावंच लागत नाही, ताई. तू नुसती असतेस आणि सगळे तुझ्याकडे येतात.

तिला सोडलं की इकडे पाठव. पलीकडची खाट रिकामी होणार आहे. मोठ्या सिस्टरना मी मनवते. तिने माझ्याजवळ पडावं. पडून तर राहायचंय ना, मग इथे पडू दे.

धाकटी

३ मार्च

ताई,

तुझं पत्र नाही. आधी तीन-चार दिवसांत यायचं.

मी मांजराचं लिहिलं ते लागलं असेल तर लागू दे. पण तिला पाठव म्हटल्यावर तुझी लेखणी थांबली, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. घरी नेलं असशील. खिडकीजवळच्या खोलीत झोपवलं असशील, भावजी गोष्टी वाचून दाखवत असतील. दुकानातून लवकर येत असशील. तुम्हा दोघांना घर भरल्यासारखं वाटत असेल, आणि भरलेलं घर कोण रिकामं करतं?

माझ्या मुलीची खुशाली कळव. एवढा हक्क अजून मला आहे असं समजते.

धाकटी

६ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मी सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसून वाचलं. आत भिंगरी होती.

घरी नेलं नव्हतं. न्यायचा दिवस ठरला होता, कपडेही घेऊन आले होते, आणि त्याच सकाळी तिला थंडी भरून ताप आला. पोट खाली जड झालं, सारखी शौचाला लागायची आणि आव पडल्यासारखं व्हायचं, लघवीला रडायची. ओटीपोटात पू परत साठला होता. फुटलेल्या ॲपेंडिक्सनंतर काही मुलांना होतं असं, कुणाची चूक नसते, असं डॉक्टर म्हणाले. औषधं बदलून पाहिली. ताप उतरायचा आणि परत चढायचा. मोठे डॉक्टर सकाळी यायचे ते नुसते कागद पाहून पुढच्या खाटेकडे जायचे.

तेव्हा तुला काय लिहायचं होतं? रोज लिहायला बसले. 'ताप आहे' लिहिलं असतं तर तू पुन्हा खाटेवरून उठायला गेली असतीस. 'बरी आहे' असं माझ्याच्याने लिहवेना. म्हणून लिहिलं नाही.

मंगळवारी पडद्यावर बघत बघत सुईने जागा शोधली आणि नवी नळी घातली. पेलाभर पू निघाला. त्या संध्याकाळी ताप उतरला तो आजपर्यंत चढलेला नाही. आज अर्धं बिस्किट खाल्लं आणि उरलेलं अर्धं उशीखाली ठेवलं. का ते विचारलं तर म्हणाली, भूक परत आली तर.

खिडकीजवळची खोली मी लावून ठेवली आहे, हे खरं. गेल्या महिन्यापासून तशीच आहे. आत कोणी झोपलेलं नाही.

ताई

१४ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून मी उशी तोंडावर घेऊन पडून राहिले. माफी मागायला कागद घेतला होता. चार ओळी लिहिल्याही होत्या. त्या फाडल्या. का ते सांगते.

काल मोठ्या सिस्टरनी लांब वायर जोडून ऑफिसातला फोन माझ्या खाटेपर्यंत आणला आणि तुमच्या वॉर्डात लावून दिला. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. भिंगरी बोलली. आवाज केवढासा झाला आहे. फुगे, नळ्या, अर्धं बिस्किट, सगळं सांगितलं. मग म्हणाली, 'थांब हं, आई आली की तिला देते.'

मी म्हटलं, 'आई? आई मी आहे ना गं.'

'तू आहेसच. पण इथे मावशी म्हटलं की भांडं घेऊन येतात. म्हणून मी हिला आई म्हणते.'

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, मग मावशीला चालतं का? तर म्हणाली, 'चालतं. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा आई म्हटलं तेव्हासुद्धा तिने ओ दिली होती.'

ताई, मी तुला विचारलं होतं. खरं सांग म्हटलं होतं. 'आई म्हणत होती, झालं समाधान?' असं तू लिहिलंस. ओ कोणी दिली ते लिहिलं नाहीस.

केस कापलेस, ते वाढतील. सही केलीस, करायलाच हवी होती. पण ती हाक माझी होती. मी इथे टांगलेली असले म्हणून काय झालं. ती तशीच हवेत राहू द्यायची होतीस.

धाकटी

१९ मार्च

धाकटे,

हवेत राहू द्यायची होती म्हणतेस. तू पाहिलं नाहीस ते. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ कोरडे पडून चिकटले होते, आणि ती हाताने हवेत चाचपत होती. एकदा हाक मारली, मी गप्प राहिले. दुसऱ्यांदा मारली. खोलीत एक सिस्टर होती, ती माझ्याकडे बघायला लागली, की ही कसली आई. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी ओ दिली. तिचा हात खाली आला आणि ती शांत झोपली. यात मला काही चुकीचं वाटत नाही, आणि तू दहा पत्रं लिहिलीस तरी वाटणार नाही.

पण त्यानंतर वॉर्डात तिने भांड्याचं निमित्त काढून मला आई म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला थांबवू शकले असते. थांबवलं नाही. पहिली ओ तिच्यासाठी होती. नंतरच्या सगळ्या माझ्यासाठी. आता तुला जे म्हणायचंय ते म्हण.

मला काही करावं लागत नाही, असं मांजराच्या पत्रात लिहिलंस. धाकटे, तुला काय वाटतं, मी त्या वॉर्डात सुखात बसले होते? ओटीपोटात सुई घालायच्या वेळी ती माझा हात धरेना. म्हणाली, 'आईसारखी पाटी रंगव.' मला कळेना. मग कळलं, तू तिच्या पाठीवर बोटाने अक्षरं काढतेस आणि ती ओळखते. मी काढली. तिने एकही ओळखलं नाही. म्हणाली, 'तुझी अक्षरं दुकानातल्या तक्त्यासारखी आहेत, खाली खाली लहान होत जातात.' मग भिंतीकडे तोंड केलं आणि तुझ्यासाठी रडली, माझ्यासमोर, मी जणू तिथे नव्हतेच. मी बाहेर जाऊन बाकावर बसले. मला तुझा इतका हेवा वाटला की तू समोर असतीस तर बोलले नसते तुझ्याशी. पाठीवर बोट फिरवण्यासारखी गोष्ट, आणि तीसुद्धा माझ्याकडे नाही.

हे तुला मी आधी कळवलं नाही. तुला ते वाचून बरं वाटलं असतं हे माहीत होतं, आणि म्हणूनच कळवलं नाही. तर तुझ्यामाझ्यात शहाणी कोणीच नाही.

नळी निघाली. पुढच्या आठवड्यात घरी सोडणार. दोन महिने पळायचं नाही, वजन उचलायचं नाही, जखमेची पट्टी अधूनमधून बदलायची. तुझ्याकडे पाठव म्हणशील तर पाठवते. पण तुझ्या शेजारच्या खाटेवर, आजारी माणसांच्या खोकल्यात, तिने का पडावं ते तू मला पटवून दे.

ताई

११ एप्रिल

ताई,

पटवून देता येत नाही, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

काल सळई काढली. पाय माझाच आहे असं वाटत नाही, कुणाचा तरी बारीक झालेला पाय मला चुकून जोडलाय. दोन कुबड्या मिळाल्या आहेत. जिना चढायचा नाही, ओल्या फरशीवर चालायचं नाही, एकटीने राहायचं नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, 'आता बहिणीकडेच जा. भांडायला माणूस असलं की हाडं लवकर जुळतात.'

म्हणून येते आहे. पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीने, इथला एक वॉर्डबॉय बसवून देणार आहे. खिडकीजवळच्या खोलीत दोन खाटा मावतील का बघ. माझ्याशी गोड वागू नकोस. मी राग धरूनच येणार आहे, आणि तो तुझ्या घरात बसून सोडायचा की नाही ते तिथे ठरवेन.

भिंगरीला माझ्या कुबड्यांचं आधी सांग. एकदम बघून घाबरायला नको.

धाकटी

४ जून

धाकटे,

पोचल्याचा फोन मिळाला, पण फोनवर तू घाईत होतीस.

घर कसं आहे ते सांगते. हे दोन वेळा भिंगरीच्या वाट्याचं पाणी भरून ठेवतात आणि मग ओतून टाकतात. मी दुकानात बसते. काल एकीला दोन काचांतला फरक विचारत बसले, 'ही बरी की ही,' आणि तिने तीनदा उत्तर दिलं तरी माझं विचारणं चालूच.

तुम्ही दोघी इथे होतात ते दिवस मला गोड गेले असं म्हणणार नाही. सारखं मोजमाप चालायचं. तिने कुणाच्या हातून खाल्लं, पट्टी कुणी बदलली, कुणाशेजारी झोपली. तिने पहिल्या दिवशी तुझ्या कुबडीवर हात ठेवून 'आई' म्हटलं आणि मग माझ्याकडे बघून, जरा थांबून, 'मावशी' म्हटलं. त्या थांबण्याबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. ती हाक मारायची तेव्हा दोघी उठायचो, आणि तू कुबड्या शोधेपर्यंत मी पोचलेली असायचे. शेवटी शेवटी मी हळू उठायला लागले. पदर सावर, चष्मा पूस, असं काहीतरी करत बसायचे. तुझ्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

सुट्टीत ये म्हणालीस. सध्या येणार नाही. गाडी हलायच्या आधीच ती तुझ्या खांद्यावर झोपली. मी हात हलवायला वर केला होता, तो कुणी पाहिलाच नाही, मग तसाच माझ्याच केसांवरून फिरवला. असं तुझ्या घरी येऊन रोज बघायचं, तेवढं मोठं मन माझ्याकडे नाही. आणि दुसरी भीती अशी की आले तर परत येताना तिला बरोबर मागेन. तू नाही म्हणशील, आणि ते बरोबरच असेल, आणि मला राग येईल.

थोडे दिवस जाऊ दे. पायाला तेल लाव.

ताई

२६ जून

ताई,

हे पत्र भिंगरीच्या हाती देते आहे. ती तुझ्यासमोर उभी आहे म्हणजे शेजारच्या शिंपिणबाईंनी तिला नीट पोचवली. त्यांचं माहेर तुमच्याच गावात आहे, त्या निघाल्या म्हणून पाठवली. तपासणी झाली, डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली आहे, तेव्हा ती पळेल. धरू नकोस.

तू हळू उठायचीस ते पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं. सगळ्या गोष्टींत त्याचाच मला सर्वांत जास्त राग आला. तू धावत जाऊन पोचत होतीस तोवर मला तुझ्याशी भांडता येत होतं. तू चष्मा पुसत बसलीस आणि माझ्याकडे भांडायलाही काही ठेवलं नाहीस.

गेल्या आठवड्यात मी तिला अभ्यासावरून ओरडले. ती म्हणाली, 'मावशी असती तर समजावून सांगितलं असतं.' मी हातातला ब्रश ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. परत आले आणि समजावून सांगितलं, तुझ्यासारखं, हळू आवाजात. तिला पटकन आलं. मला तेही सोसलं नाही, पण गणित सुटलं.

हेवा जाईल असं वाटत नाही, ताई. मी वाट पाहिली. पाय जुळला, तिच्या पोटाची जखम भरून आली, पण हे आहे तसंच आहे. तर ते असू दे, आणि त्याच्यासकट तिने येत-जात राहावं असं मी ठरवलं आहे. मोठं मन माझ्याकडेही नाही. गाडी आहे, आणि शिंपिणबाई आहेत.

केस पुन्हा वाढताहेत. धुतलेस तर खालचा गुंता आधी सोडव. पाठीवर अक्षरं कशी काढायची ते ती तुला शिकवेल, मी सांगून ठेवलं आहे. सगळी एकाच मापाची काढायची, एवढंच.

पुढच्या रविवारी शिंपिणबाई परत निघतील, त्यांच्याबरोबर तिला पाठवून दे. ती नको म्हणाली तरी पाठव.

आणि नको म्हणाली, तर ते मला सांगू नकोस.

धाकटी